झेरॉक्स चुकली नव्हती: फुटबॉलचं वेळापत्रक कसं बनतं आणि टीव्हीवरचा आवाज कुठून येतो

परभणीत वसमत रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जून म्हणजे आमचा सुगीचा महिना. टीसी, मार्कमेमो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. २०२५ च्या जूनमध्ये त्या गर्दीत माझा भाचा वेगळाच कागद घेऊन आला. आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचं २०२५-२६ चं वेळापत्रक, ३८ ओळींचं. त्यानं पोरांसाठी पंचवीस प्रती काढून नेल्या आणि एक मी काउंटरच्या मागं चिकटवली. आर्सेनलचा रोग मलाही आहे. कॉलेजात असताना त्यांच्या थिएरी ऑन्री या खेळाडूमुळं लागला, अजून उतरला नाही.

सप्टेंबर लागला तशी पोरं एकेक करून दुकानात यायला लागली. "मामा, तुमची झेरॉक्स चुकली. ह्याच्यात लिव्हरपूलची म्यॅच शनिवारी दाखवलीय, झाली रविवारी." दुसरा म्हणाला, "टायम तर एकबी जुळंना." शेवटी भाच्यानंच विचारलं, "मामा, हे लोक सारखं टायम कामून बदलायलेत? एकदाच काय ते ठरवून टाकायला काय होतंय ह्यांना?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला तीन-चार संध्याकाळी लागल्या, तेच इथं मांडतो. इंग्लंडपासून सुरुवात केली की डोक्यात काही शिरत नाही, म्हणून आपल्याकडून सुरू करू.

समजा, मराठवाडा लीग काढली. जिल्हे आठ: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर, धाराशिव. प्रत्येकाचा एक संघ. प्रत्येकानं बाकीच्या सातांशी एकेकदा खेळायचं, म्हणजे आठ गुणिले सात भागिले दोन, २८ सामने. दर रविवारी चार सामने झाले तर सात रविवारांत लीग संपली. परतफेडीची फेरी धरली तर ५६ सामने आणि चौदा रविवार.

आता पहिल्या रविवारी कोण कोणाशी? परभणीसमोर सात पर्याय. ती जोडी लागली की उरलेल्या सहांतल्या कोणाही एकासमोर पाच, मग तीन, आणि शेवटची जोडी आपोआप. सात गुणिले पाच गुणिले तीन, १०५ प्रकार. हे झालं एका रविवारचं, तेही आठच संघांचं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ आहेत. तिथं एकाच फेरीच्या जोड्या ६५ कोटी ४७ लाख २९ हजार ७५ प्रकारे लागतात, आणि अशा ३८ फेऱ्या.

पण नुसत्या जोड्या लावणं मुळीच अवघड नाही. समोरासमोर चार-चार पानांच्या दोन पंगती मांडा. ज्याच्यासमोर जो बसला त्याच्याशी त्याचा सामना. पहिला रविवार झाला की एकानं जागेवरच बसून राहायचं आणि बाकीच्या सातांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एकेक पान सरकायचं. पुन्हा समोर बघायचं. असं सहा वेळा सरकलं, म्हणजे सात रविवार झाले, की प्रत्येकजण प्रत्येकाच्या समोर बरोबर एकदा बसून गेलेला असतो. भाच्यानं हे काउंटरवर पेनांच्या टोपणांनी करून बघितलं आणि म्हणाला, "मग काय, झालंच की!"

झालं नाही. खरी गंमत घर आणि बाहेर याच्यात आहे.

प्रत्येक संघाला वाटतं, एक सामना घरी, एक बाहेर, पुन्हा घरी, पुन्हा बाहेर, असं आलटूनपालटून मिळावं. घरी खेळलं की तिकिटं खपतात, प्रेक्षक आपले असतात, प्रवास वाचतो. 'घ' म्हणजे घरी आणि 'ब' म्हणजे बाहेर धरलं, तर परभणीला हवं घ-ब-घ-ब-घ-ब-घ. नांदेडलाही तसंच हवंय. देऊन टाकू का दोघांनाही? देताच येत नाही. कारण परभणी ज्या दिवशी घरी असेल त्या दिवशी नांदेडही घरी, परभणी बाहेर तर नांदेडही बाहेर. मग या दोघांचा सामना व्हायचा कधी? सामन्याला एक यजमान लागतो नि एक पाहुणा. दोन्ही यजमान आपापल्या गावात ताट वाढून बसले तर जेवायला कोण येणार?

म्हणजे एकसारखा क्रम दोन संघांना कधीच मिळू शकत नाही. आठ संघांना आठ वेगवेगळे क्रम लागतात. आणि न चुकता आलटूनपालटून जाणारे क्रम जगात दोनच आहेत, एक घरापासून सुरू होणारा आणि एक बाहेरून. ते दोन संघांना दिले की उरलेल्या सहांच्या वाट्याला कुठंतरी लागोपाठ दोनदा घर किंवा लागोपाठ दोनदा बाहेर येणारच. वीस संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळायचं म्हटलं तर हा आकडा किमान अठरा होतो. कोणी कितीही हुशार असो, कितीही मोठा कॉम्प्युटर लावो, याच्या खाली जाता येत नाही. त्यामुळं आपल्या संघाला लागोपाठ दोन सामने बाहेर आले की "हे मुद्दाम केलंय" म्हणून जो गळा काढला जातो, त्यात काही दम नसतो. मीही तो बरीच वर्षं काढलाय.

इथवर फक्त गणित झालं. आता जत्रा आणा.

महाशिवरात्रीला वेरूळला घृष्णेश्वर, परळीला वैद्यनाथ, औंढ्याला नागनाथ. म्हणजे संभाजीनगर, बीड आणि हिंगोली या तिन्ही जिल्ह्यांतले पोलीस बंदोबस्तात. लातूरला सिद्धेश्वराची यात्रा. हे चौघं म्हणणार, त्या दिवशी आम्हाला बाहेर पाठवा. ठीक आहे, उरलेले चार घरी, हिशोब अगदी काट्यावर बसला. फक्त त्या दिवशी या चौघांपैकी कोणाचाही सामना आपसांत ठेवता येणार नाही. पण तेवढ्यात परभणीवाले उठतात. फेब्रुवारीत आमचा उरूस असतो, तो चालू असेल तर आम्हीही घरी नको. आता पाच जण पाहुणे आणि यजमान तीनच. चार सामने होऊच शकत नाहीत. कोणाला तरी गप्प बसवावं लागणार. तसंच नवरात्रात तुळजापूरमुळं धाराशिव नको, दसऱ्याला नांदेडचा गुरुद्वारा आणि हिंगोलीचा दसरा, म्हणून ते दोघं नकोत. प्रत्येकाचं म्हणणं खरं, आणि सगळ्यांचं ऐकलं तर वेळापत्रक नाही.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच चालतं, फक्त जत्रांची नावं वेगळी. प्रीमियर लीगचे ३८० सामने आणि तिच्याखालच्या तीन पातळ्यांवरच्या लीगचे १,६५६, असे २,०३६ सामने एकत्रच मांडले जातात. हे काम अ‍ॅटॉस नावाची कॉम्प्युटर कंपनी लीगसाठी करते. क्लबांना आधी विचारलं जातं, कोणत्या तारखेला घरचा सामना नको आणि कोणत्या शेजाऱ्याबरोबर एकाच दिवशी घर नको. पोलिसांचं म्हणणं घेतलं जातं. मग काही ठरलेले नियम पाळायचा प्रयत्न होतो. कोणत्याही सलग पाच सामन्यांत घर-बाहेर तीन-दोन असंच पडावं. हंगामाची सुरुवात किंवा शेवट लागोपाठ दोन घरच्या, किंवा लागोपाठ दोन बाहेरच्या सामन्यांनी होऊ नये. एकाच शहरातले जोडीदार क्लब एकाच दिवशी घरी नसावेत, म्हणजे लिव्हरपूल घरी तर एव्हर्टन बाहेर.

हे खरंच पाळतात का, ते आम्ही काउंटरमागच्या कागदावर तपासलं. उत्तर लंडनमध्ये आर्सेनल आणि टॉटनहॅम हे शेजारी आणि हाडवैरी. २०२५-२६ मधले आर्सेनलचे पहिले सात सामने: मँचेस्टर युनायटेड बाहेर, लीड्स घरी, लिव्हरपूल बाहेर, नॉटिंगहॅम फॉरेस्ट घरी, मँचेस्टर सिटी घरी, न्यूकॅसल बाहेर, वेस्ट हॅम घरी. ब-घ-ब-घ-घ-ब-घ. टॉटनहॅमचे सात लिहिले: घ-ब-घ-ब-ब-घ-ब. अगदी आरशातलं प्रतिबिंब. आर्सेनलचे पहिले पाच मोजले तर तीन घर, दोन बाहेर. मधे एकदाच लागोपाठ दोन घरचे आलेत, तेही फॉरेस्ट नि सिटी. भाचा म्हणाला, "म्हणजे आपलं वेळापत्रक निम्मं टॉटनहॅमनं ठरवलंय?" तसं म्हणायला हरकत नाही. भावकीत बांध एकच असतो.

आता झेरॉक्सचा मुद्दा. जूनमध्ये जे जाहीर होतं ते म्हणजे कोणत्या आठवड्यात कोण कोणाशी आणि कोणाच्या घरी. शनिवार-रविवारची फेरी असेल तर वेळेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शनिवार दुपारी ३ असं लिहिलेलं असतं. ती काही खरी वेळ नसते. लग्नपत्रिका छापायला टाकताना मुहूर्ताच्या जागी काहीतरी लिहून ठेवावं, तसं ते असतं. नंतर टीव्हीवाले येतात आणि आपल्याला हवे ते सामने उचलून शुक्रवारी रात्री, शनिवारी साडेबाराला, संध्याकाळी साडेपाचला, रविवारी दोनला, साडेचारला, सोमवारी रात्री असे मांडतात. हे एकदम वर्षाचं होत नाही, हप्त्याहप्त्यानं होतं. कोणता संघ फॉर्मात आहे, कोणाची लढत रंगणार, हे जूनमध्ये त्यांनाही कळत नाही.

त्यांचं ऐकावंच लागतं, कारण पैसा त्यांचा. २०२५-२६ पासूनच्या चार हंगामांसाठी स्काय आणि टीएनटी या दोन ब्रिटिश वाहिन्यांबरोबर झालेला करार ६७० कोटी पौंडांचा आहे. त्यात एका हंगामातले किमान २६७ सामने तिकडं थेट दिसतात.

मग उरलेल्या ११३ चं काय? इथं या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. ही प्रथा १९६० च्या दशकातली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तिचा आग्रह धरला. त्यांचं म्हणणं साधं होतं: मोठ्या संघाचा सामना घरबसल्या दिसला तर छोट्या गावाच्या मैदानावर तिकीट काढून कोण जाईल? आज साठ वर्षांनीही ती बंदी चालू आहे. पण ती त्यांच्या देशापुरती. ४ ऑक्टोबरचा आर्सेनल-वेस्ट हॅम सामना शनिवारी दुपारी ३ चा होता. लंडनमध्ये ज्याला तिकीट मिळालं नाही तो घरी रेडिओ लावून बसला असेल, आणि परभणीत आम्ही संध्याकाळी साडेसातला दुकान निम्मं ओढून तो बघितला.

टीव्हीशिवाय युरोपातल्या स्पर्धाही वेळा हलवतात. गुरुवारी रात्री युरोपा लीग खेळलेला संघ शनिवारी उतरवत नाहीत, त्याचा सामना रविवारवर जातो. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात २०२४-२५ पासून प्रत्येक संघाला सहाऐवजी आठ सामने असतात, त्यामुळं आठवड्याचे मधले दिवस आणखी भरले. बुधवारी रात्री परदेशात खेळून शनिवारी साडेबाराला पुन्हा मैदानात उतरायचं, यावर लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप वर्षानुवर्षं चिडचिड करत होते. आपल्या बाजूनं बघितलं तर तोच साडेबाराचा सामना सगळ्यांत सोयीचा, भारतात संध्याकाळी ५ ला. त्यांची तक्रार पटते आणि चहाच्या वेळेला सामना मिळतो याचा आनंदही होतो. दोन्ही एकदम.

२६ डिसेंबरचंही तसंच. त्या दिवशी सगळ्यांनी फुटबॉल खेळायचं ही इंग्रजांची जुनी रीत. २०२५ मध्ये मात्र त्या दिवशी प्रीमियर लीगचा एकच सामना झाला, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध न्यूकॅसल. ३८ फेऱ्यांपैकी ३३ शनिवार-रविवारी आणि पाचच आठवड्याच्या मध्ये बसवायच्या होत्या, आणि २६ तारीख पडली शुक्रवारी. पाडव्याला कुस्त्यांचा फड भरू नये, एवढी हळहळ तिकडं झाली.

आता आमच्या पोरांची झालेली फजिती. २६ ऑक्टोबरचा रविवार, दिवाळी नुकतीच संपलेली. आर्सेनल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस, तिकडच्या दुपारी २ ला. पोरांनी हिशोब केला, रविवारी दोनचा म्हणजे आपल्याकडं साडेसहा. सव्वासहाला सगळी दुकानात हजर. साडेसहा झाले, पावणेसात झाले, पडद्यावर काही नाही. दोन वेळा चहा झाला. सामना सुरू झाला साडेसातला.

झालं असं की ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागं घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढं करतात. उन्हाळ्यात त्यांच्या-आपल्यात साडेचार तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेपाच तासांचं. आपलं घड्याळ बारा महिने एकच, त्यामुळं दिवाळीच्या आसपास प्रत्येक सामना एक तास उशिरा गेल्यासारखा वाटतो. दुपारी ३ चा सामना साडेसातवरून साडेआठवर येतो. चॅम्पियन्स लीगचा तिकडच्या रात्री ८ चा सामना साडेबारावरून दीडला जातो, आणि तो बघून सकाळी दुकान उघडणं पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला झेपत नाही. मी मध्यंतरापर्यंत बघतो. उरलेलं सकाळी.

फक्त शेवटचा दिवस असा असतो की तेव्हा टीव्हीवाल्यांनाही हात लावता येत नाही. शेवटच्या फेरीचे दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात. दुसऱ्याचा निकाल आधी कळला तर खेळाडू त्या हिशोबानं खेळतात. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या गिहोन गावी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशी संपलेला, त्यामुळं जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर आपण दोघंही पुढं जातो हे दोन्ही संघांना ठाऊक. जर्मनीनं दहाव्या मिनिटाला गोल केला, आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडं सरकवण्यात घालवला. अल्जीरिया बाहेर. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी ठेवायला लागले.

आपल्या देशातलं वेळापत्रक हा वेगळाच विषय. इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम कराराच्या भानगडीत अडकला आणि सुरू झाला थेट १४ फेब्रुवारी २०२६ ला. वेळ कमी म्हणून परतफेडीची फेरीच काढून टाकली. १४ संघ, ९१ सामने, प्रत्येकाला तेरा. तेराचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणजे घर-बाहेरची बरोबरी आधीच गेली. मुंबई सिटीचे चाहते आमच्याकडं दोघंच आहेत आणि दोघंही त्या काळात फार बोलत नव्हते.

वेळ कळली, सामना लागला. आता तो आवाज. पोरांचा दुसरा कायमचा वाद म्हणजे, "हा कॉमेंट्रीवाला आपल्या विरोधात हाय."

मैदानाच्या चहूबाजूंनी माईक लावलेले असतात. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज, शिट्टी, प्रेक्षकांचा गलका हे सगळं चित्राबरोबर वेगळं पाठवलं जातं आणि बोलणाऱ्याचा आवाज वेगळा. त्यामुळं ज्या देशाला आपल्या भाषेत बोलायचंय तो फक्त गलका घेतो आणि वर आपला माणूस बसवतो. आपण इंग्रजीत ऐकतो तो आवाज बहुतेक वेळा जगभरासाठी म्हणून तयार केलेला असतो. तोच लागोसमध्ये, तोच सिंगापूरमध्ये, तोच परभणीत. त्याला कोणाचीच बाजू घेऊन चालत नाही. गंमत अशी की आर्सेनलच्या पोरांना तो सिटीचा वाटतो आणि शेजारच्या गल्लीतल्या सिटीच्या पोरांना आर्सेनलचा. प्रेक्षकांचा गलका वेगळा येतो याचा पुरावा जून २०२० मध्ये सगळ्यांनी ऐकलाय. करोनामुळं मैदानं रिकामी होती आणि व्हिडिओ गेममधून घेतलेला गर्दीचा आवाज वरून सोडला जात होता.

बोलणारे सहसा दोघं. एक धावतं वर्णन करतो, दुसरा जुना खेळाडू, तो खेळ थांबला की का आणि कसं ते सांगतो. कधी ते मैदानात बसलेले असतात, कधी स्टुडिओत पडदा बघून बोलतात. मैदानात बसले तर गलक्यात आवाज बुडू नये म्हणून अगदी ओठाला टेकवायचा एक खास माईक असतो. समोर मोठ्या कागदावर दोन्ही संघांची नावं, उच्चार, आकडे. कानात दिग्दर्शकाचा आवाज सतत चालू, आता कोणतं चित्र येणार ते सांगणारा. म्हणजे एका कानानं ऐकायचं, डोळ्यांनी बघायचं, तोंडानं तिसरंच बोलायचं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता सुटे पैसे मोजतो आणि मागच्याला दार लावायला सांगतो, तसली कसरत.

या कलेची सुरुवातही आर्सेनलच्याच घरी झाली, हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. २२ जानेवारी १९२७ ला हायबरी मैदानावरून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा सामना बीबीसीनं रेडिओवर सांगितला, ब्रिटनमधलं फुटबॉलचं पहिलं थेट समालोचन. ऐकणाऱ्याला मैदान दिसावं म्हणून आधी साप्ताहिकात आठ चौकोन पाडलेला मैदानाचा नकाशा छापला होता. टेडी वेकलम वर्णन करायचे आणि शेजारचा माणूस मधूनमधून चौकोनाचा नंबर सांगायचा. घरी लोक मांडीवर नकाशा घेऊन चेंडू शोधायचे.

रेडिओवाल्याला सगळंच सांगावं लागतं. ज्यांनी बाळ ज. पंडितांचं मराठीतलं क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. टीव्हीवर मात्र लोकांना दिसतंच आहे, तिथं किती बोलायचं नाही ही खरी परीक्षा. १३ मे २०१२, पुन्हा तो शेवटचा दिवस. मँचेस्टर सिटी विरुद्ध क्वीन्स पार्क रेंजर्स, २-२. सिटीला ४४ वर्षांनी विजेतेपद मिळायचं तर एक गोल हवा, आणि घड्याळात ९३ मिनिटं २० सेकंद. सिटीच्या अग्वेरोनं गोल केला. समालोचक मार्टिन टायलर यांनी त्याचं नाव शेवटचा स्वर लांबवत ओरडून म्हटलं आणि नंतर काही सेकंद ते गप्पच राहिले. पडद्यावर शर्ट काढून पळणारा अग्वेरो आणि वेडं झालेलं मैदान, बाकी काही नाही. माझ्या मते तो ओरडा सगळ्यांना आठवतो तो त्या गप्प बसण्यामुळं.

आमच्याकडं गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांत कॉमेंट्री करणाऱ्या पोरांना ही चैन परवडत नाही. षटकार गेला की लगेच "या षटकारासाठी एकावन्न रुपये" म्हणून देणगीदाराचं नाव घ्यावं लागतं. पण शब्दसंपत्ती बघाल तर त्यांच्यातला एखादा फुटबॉलला बसवावा असं फार वाटतं. मराठीत फुटबॉल ऐकायची माझी हौस अजून पुरी व्हायचीय.

राहता राहिला उशीर. माझ्या दुकानात सामना मोबाइलच्या नेटवर चालतो, समोरच्या सलूनमध्ये डिशवर. डिशचं चित्रही उपग्रहावरून फिरून येताना काही सेकंद मागं पडतंच, पण नेटवाल्याचं जास्त. नेटवर चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात, आणि मधेच अडकू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे आधी साठवून मगच दाखवायला लागतो. त्या साठवणीत आमचे वीस-पंचवीस सेकंद जातात. आमच्या पडद्यावर कॉर्नर घ्यायला खेळाडू अजून चेंडू ठेवत असतो आणि सलूनमधून "गोऽऽल" ऐकू येतं. कॉमेंट्रीवाला मात्र आमच्याकडं अजून शांतपणे, गोलरक्षक कुठं उभा आहे ते सांगत असतो.

पोरांनी सलूनवाल्याला एकदा सांगून बघितलं की भाऊ, जरा हळू ओरडा. तो म्हणाला, "हातात वस्तरा असतो, ओरडतो तेव्हा गिऱ्हाईकच सावरून बसतंय, तुमचं काय घेऊन बसलात." आता गोल व्हायची लक्षणं दिसली की भाचा दुकानाचं शटर ओढून घेतो.